घरबसल्या डॉक्टरेट : अमेरिकेतील अल्पसंख्याक आणि दूरशिक्षण विद्यापीठे

अमेरिकेतील विद्यापीठांतून संशोधनपर डॉक्टरेट पदवी मिळविणाऱ्यांची दरवर्षी गणना करण्यात येते. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने चालणारी ही गणना १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अव्याहत चालू आहे. २०२२ या एका वर्षात अशा ५७ हजारांहून अधिक पदव्या देण्यात आल्या. कोणत्या विद्यापीठाने कोणत्या विषयात आणि कोणत्या वंशाच्या किती नागरिकांना पदव्या दिल्या, याचाही हिशेब या गणनेत मिळतो. २०१० नंतरच्या दशकातील या याद्या चाळणाऱ्याला एका नोंदीचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. कृष्णवर्णीय नागरिकांना सर्वाधिक डॉक्टरेट देणारे विद्यापीठ म्हणून हार्वर्ड किंवा येल यांची नावे तेथे आढळत नाहीत. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८६७ मध्ये वॉशिंग्टन येथे स्थापन झालेले हॉवर्ड विद्यापीठही तेथे दुसऱ्या क्रमांकावर दिसते. पहिला क्रमांक वॉल्डन या विद्यापीठाचा आहे. त्याचे विद्यार्थी देशभर आपापल्या घरी राहून, नोकरी सांभाळून शिकतात आणि विद्यापीठाशी त्यांचा संबंध मुख्यतः संगणकाच्या पडद्यावरूनच येतो.

ही घटना समाधानाची मानावी की चिंतेची, याविषयी अमेरिकेत मतभेद आहेत. वर्षानुवर्षे ज्यांना दारातच अडविण्यात आले, त्यांच्यासाठी दूरशिक्षणाने नवा मार्ग खुला केला, असे काहींना वाटते. इतरांच्या मते ज्यांच्याजवळ सर्वांत कमी धन आहे, त्यांनाच सर्वांत महाग आणि सर्वांत कमी मान असलेली वाट दाखविण्यात आली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ते कितपत आहे हे समजून घेण्यासाठी प्रथम थोडा इतिहास पाहावा लागेल.

अल्पसंख्याक कोण?

भारतात ‘अल्पसंख्याक’ हा शब्द प्रामुख्याने धार्मिक आणि भाषिक गटांसाठी वापरला जातो. अमेरिकेत त्याचा अर्थ निराळा आहे. उच्च शिक्षणाच्या संदर्भात तेथे कृष्णवर्णीय, लॅटिनवंशीय आणि मूळ अमेरिकन आदिवासी या गटांचा विचार केला जातो, आणि त्यांच्यामागे बहुधा ‘अपुरे प्रतिनिधित्व असलेले’ असे विशेषण लावण्यात येते. अपुरे म्हणजे लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा कमी. आशियाई वंशाचे लोक संख्येने थोडे असले, तरी विद्यापीठांत त्यांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाहून अधिक असल्यामुळे या चर्चेत ते सहसा येत नाहीत.

२०२० च्या जनगणनेनुसार केवळ कृष्णवर्णीय म्हणून नोंद झालेले लोक अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे १२ टक्के, तर लॅटिनवंशीय जवळजवळ १९ टक्के होते. त्याच सुमारास देशाच्या नागरिकांना व कायम रहिवाशांना मिळालेल्या डॉक्टरेट पदव्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे ७ टक्के होता. ही तूट केवळ सरासरीची आहे. विषयवार पाहिले तर काही ठिकाणी ती फार मोठी होते. २०१७ या वर्षी डझनाहून अधिक विद्याशाखा अशा होत्या, की त्यांत संपूर्ण देशात एकाही कृष्णवर्णीय व्यक्तीला डॉक्टरेट मिळाली नाही.

बंद दारे

अमेरिकेत पहिल्या पीएच.डी. पदव्या येल विद्यापीठाने १८६१ मध्ये दिल्या. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८७६ मध्ये, एडवर्ड बूशे या कृष्णवर्णीय तरुणाने त्याच विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळविली. त्या विषयात ही पदवी मिळविणाऱ्या अगदी पहिल्या काही अमेरिकनांपैकी ते एक होते. तथापि कोणत्याही संशोधन विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतले नाही. फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेत त्यांनी सव्वीस वर्षे विज्ञान शिकविले. १८९५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यासाठी १९२१ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी जॉर्जियाना सिम्पसन, सेडी टॅनर मोसेल आणि ईव्हा डाइक्स या तिघींनी काही दिवसांच्या अंतराने ही पदवी मिळविली.

ही उदाहरणे उत्तरेकडील विद्यापीठांची होत. दक्षिणेकडील राज्यांत, जेथे बहुसंख्य कृष्णवर्णीय राहत असत, वंशभेदाचे कायदे होते. गोऱ्यांच्या विद्यापीठांत त्यांना प्रवेश नव्हता आणि त्यांच्यासाठी असलेल्या महाविद्यालयांत डॉक्टरेटची सोय नव्हती. हॉवर्डसारख्या संस्थेतही पीएच.डी.चे शिक्षण १९५० च्या दशकात सुरू झाले.

याच काळातील एका खटल्याचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. जॉर्ज मॅकलॉरिन या कृष्णवर्णीय शिक्षकाने ओक्लाहोमा विद्यापीठात शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेटसाठी अर्ज केला. न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर १९४८ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. मात्र वर्गाला लागून असलेल्या एका लहान खोलीत त्यांना बसविण्यात आले. ग्रंथालयात त्यांचे मेज वेगळे ठेवण्यात आले आणि उपाहारगृहात त्यांच्या जेवणाची वेळही निराळी ठरविण्यात आली. पदवी तीच, प्राध्यापक तेच, पुस्तके तीच. मग यात अन्याय कोणता, असा विद्यापीठाचा युक्तिवाद होता. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. इतर विद्यार्थ्यांशी चर्चा करणे, विचारांची देवाणघेवाण करणे आणि त्यातून आपला व्यवसाय शिकणे हाही शिक्षणाचा भाग होय, आणि मॅकलॉरिन यांना तोच नाकारला गेला होता, असे न्यायालयाच्या निर्णयाचे सार होते. १९५४ च्या प्रसिद्ध शालेय निकालाची पायाभरणी करणाऱ्या निर्णयांत याची गणना होते. डॉक्टरेट म्हणजे केवळ ग्रंथ आणि परीक्षा नव्हे, तर सहवासही होय, हा या निर्णयातील विचार पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयास हवा.

टपालापासून संगणकापर्यंत

विद्यापीठापासून दूर राहून शिकण्याची कल्पना जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू दिले. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग उघडला. इलिनॉय वेस्लियन या संस्थेने तर १८७० च्या दशकापासून १९१० पर्यंत दूरस्थ विद्यार्थ्यांना पीएच.डी.देखील दिली. परंतु मोठ्या विद्यापीठांनी या पदव्यांकडे संशयाने पाहिले आणि डॉक्टरेटच्या बाबतीत निवासाचा नियम दृढ झाला. विद्यार्थ्याने काही काळ तरी विद्यापीठात राहिलेच पाहिजे, असा हा नियम होय.

१९७० च्या सुमारास या नियमाला पुन्हा आव्हान मिळाले. फ्लोरिडातील नोव्हा विद्यापीठाने १९७२ मध्ये शाळांच्या प्रशासकांसाठी डॉक्टरेटचा असा अभ्यासक्रम सुरू केला, की ज्यात विद्यार्थी आपापल्या शहरात लहान गटांनी एकत्र येत. त्याच राज्यात १९७० मध्ये बर्नार्ड व रीटा टर्नर या शिक्षक दांपत्याने वॉल्डनची स्थापना केली. नोकरी करणाऱ्या शिक्षकांना आणि प्रशासकांना नोकरी न सोडता डॉक्टरेट करता यावी, हा त्यांचा उद्देश होता. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात फील्डिंग ही संस्था निघाली. वॉल्डनला विभागीय अधिमान्यता १९९० मध्ये मिळाली. अधिमान्यता मिळाल्याखेरीज विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज मिळत नाही, म्हणून या घटनेचे महत्त्व मोठे आहे. १९९३ मध्ये मिनियापोलिस येथे पुढे कॅपेला म्हणून ओळखली गेलेली संस्था स्थापन झाली. त्यानंतर इंटरनेटचा प्रसार झाला आणि काहीशे विद्यार्थ्यांच्या जागी हजारो विद्यार्थी आले.

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ सरकारच्या पाठिंब्याने उभे राहिले. अमेरिकेतील मोठ्या दूरशिक्षण डॉक्टरेट संस्थांपैकी अनेक मात्र नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांच्या मालकीच्या आहेत. वॉल्डनची मालकी २०२१ मध्ये लॉरिएट या कंपनीकडून ॲडटालेम या कंपनीकडे गेली. शिक्षण घरापर्यंत नेणे आणि ते विकणे ही दोन्ही कामे एकाच संस्थेत एकत्र आली, हे पुढील प्रश्नांचे एक मूळ आहे.

कोण येते आणि का येते

या विद्यापीठांत डॉक्टरेटसाठी येणारा विद्यार्थी बहुधा प्रौढ असतो. तो शाळेत शिक्षक असतो, रुग्णालयात परिचारिका असतो, सैन्यात किंवा शासकीय खात्यात अधिकारी असतो. त्याला संसार असतो, घराचे हप्ते असतात, वृद्ध आईवडील असतात. निवासी विद्यापीठात पाच-सहा वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर राहणे त्याला परवडण्यासारखे नसते. अमेरिकेत कृष्णवर्णीय कुटुंबांची संचित मालमत्ता गोऱ्या कुटुंबांच्या तुलनेत फारच कमी असल्यामुळे पगार सोडण्याचा धोका पत्करणे त्यांना अधिक कठीण जाते. त्यातच अनेक राज्यांत डॉक्टरेटधारक शिक्षकाला वरची वेतनश्रेणी मिळते आणि मुख्याध्यापक किंवा अधीक्षक होण्यास ही पदवी उपयोगी पडते. कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण या विद्यार्थ्यांत लक्षणीय आहे.

प्रवेशाची पद्धतही महत्त्वाची आहे. निवासी विद्यापीठे थोड्या जागांसाठी पुष्कळ अर्जांतून निवड करतात. पूर्वीच्या महाविद्यालयाचे नाव, प्रवेशपरीक्षेतील गुण, ओळखीच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे यांना तेथे वजन असते. दूरशिक्षण विद्यापीठांत पूर्वीची पदवी आणि अनुभव असला की बहुधा प्रवेश मिळतो. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाच्या वेळी वंशाचा विचार करण्यास मनाई केली. निवासी विद्यापीठांपुढे त्यामुळे नवा पेच उभा राहिला. खुला प्रवेश देणाऱ्या संस्थांवर मात्र त्याचा थेट परिणाम होण्याचे कारण नव्हते.

सर्व अल्पसंख्याक गटांचे चित्र सारखे नाही. लॅटिनवंशीयांना डॉक्टरेट देण्यात पोर्तो रिको, टेक्सास, फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया येथील सार्वजनिक विद्यापीठे पुढे आहेत, कारण त्या प्रदेशांतच हा समाज मोठ्या संख्येने राहतो. दूरशिक्षणाचे प्राबल्य विशेषतः कृष्णवर्णीयांच्या बाबतीत दिसून येते.

आकडा कसा वाचावा

‘सर्वाधिक पदव्या’ या शब्दांनी वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. म्हणून तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न संस्थेच्या आकाराचा. समजा, एका विद्यापीठाने वर्षात १,००० डॉक्टरेट दिल्या आणि त्यांपैकी ३०० कृष्णवर्णीयांना मिळाल्या. दुसऱ्याने १०० दिल्या आणि त्यांपैकी ६० कृष्णवर्णीयांना मिळाल्या. यादीत पहिले विद्यापीठ वर दिसेल, प्रमाणात दुसरे वर असेल. हॉवर्डसारख्या संस्था आकाराने लहान असूनही यादीत वर असतात, यावरून त्यांच्या कार्याची कल्पना यावी.

दुसरा प्रश्न विषयांचा. दूरशिक्षणाने मिळणाऱ्या डॉक्टरेट प्रामुख्याने शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन, मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, परिचर्या आणि लोकप्रशासन या विषयांत असतात. प्रयोगशाळा घरी पाठविता येत नाही. म्हणून रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांतील तूट या मार्गाने भरून निघत नाही. एकूण आकडा वाढला तरी विज्ञानाच्या खोल्या पूर्वीइतक्याच रिकाम्या राहू शकतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच सहसा विचारला जात नाही. पदवी मिळालेले किती, हे यादी सांगते. प्रवेश घेऊन मध्येच थांबलेले किती, हे ती सांगत नाही. शंभरांनी प्रवेश घेऊन ऐंशी जण पदवीधर झाले, तर तो एक प्रकार. चारशेंनी प्रवेश घेऊन तेवढेच ऐंशी झाले, तर तो सर्वस्वी निराळा प्रकार. यादीत दोन्ही ठिकाणी ऐंशीच दिसतील. गळतीचा प्रश्न नामांकित निवासी विद्यापीठांतही आहे. पीएच.डी.च्या पूर्ततेविषयी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दहा वर्षांत पदवी पुरी करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्केच आढळले होते. परंतु तेथे बहुतेकांना शिष्यवृत्ती असते; अर्ध्यावर सोडणाऱ्याची वर्षे जातात, पण त्याच्यावर मोठे कर्ज राहतेच असे नाही.

किंमत

अमेरिकेत निवासी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी बहुधा विद्यापीठ भरते आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्याबद्दल त्याला विद्यावेतन देते. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला हे साहाय्य क्वचितच मिळते. तो स्वतःच्या पगारातून किंवा कर्ज काढून शिकतो. कृष्णवर्णीय डॉक्टरेटधारकांमध्ये कर्ज असणाऱ्यांचे प्रमाण आणि कर्जाची रक्कम ही दोन्ही इतरांपेक्षा अधिक असल्याचे राष्ट्रीय गणनेत वारंवार दिसून आले आहे. २००६ पासून ‘ग्रॅड प्लस’ नावाच्या सरकारी योजनेखाली पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिक्षणाच्या एकूण खर्चाइतके कर्ज मिळू लागले. त्यामुळे प्रवेश सोपा झाला आणि ऋणाचा डोंगरही वाढला. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ही योजना बंद करण्याची आणि कर्जावर कमाल मर्यादा घालण्याची तरतूद केली.

खर्च वाढण्याचे प्रमुख ठिकाण म्हणजे प्रबंधाचा टप्पा. वर्गाचे अभ्यासक्रम ठरावीक मुदतीत संपतात, प्रबंध मात्र संपतोच असे नाही. मार्गदर्शक बदलतो, मसुदा परत येतो, मंजुरीस विलंब लागतो आणि प्रत्येक सत्राची फी भरावीच लागते. याच मुद्द्यावर जानेवारी २०२२ मध्ये वॉल्डनविरुद्ध मेरीलँडच्या संघीय न्यायालयात खटला दाखल झाला. व्यवसाय प्रशासनाच्या डॉक्टरेटचा खर्च आणि कालावधी प्रत्यक्षापेक्षा कमी सांगण्यात आला, तसेच कृष्णवर्णीय आणि स्त्रिया यांना हेतुतः लक्ष्य करण्यात आले, असा फिर्यादींचा आरोप होता. पूर्वी बँका कृष्णवर्णीय वस्त्यांभोवती नकाशावर तांबडी रेघ ओढून तेथे घरकर्ज नाकारीत. फिर्यादींनी या प्रकाराला उलटी तांबडी रेघ म्हटले, म्हणजे त्याच वस्त्यांना शोधून महाग सौदा गळ्यात मारणे. विद्यापीठाने आरोप नाकारले. २०२४ मध्ये २ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड होऊन प्रकरण मिटले. तडजोड म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे खरे. तथापि प्रवेश देताना संपूर्ण खर्च स्पष्ट सांगितला पाहिजे, हा मुद्दा या प्रकरणाने सर्वांसमोर आणला.

पदवीनंतर

डॉक्टरेटधारकाचा हेतू काय होता, यावर पदवीचे मोल अवलंबून असते. शाळेचा मुख्याध्यापक, परिचारिका विद्यालयातील शिक्षिका किंवा जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी यांना दूरशिक्षणाची डॉक्टरेट वेतनात आणि अधिकारात प्रत्यक्ष उपयोगी पडते. अशा व्यक्ती आपापल्या वस्तीत राहतात. त्यांच्या शाळेतील मुलांना आपल्यासारख्याच घरातून आलेली ‘डॉक्टर’ व्यक्ती रोज दिसते, याचेही मोल कमी नाही.

विद्यापीठात प्राध्यापक होण्याची इच्छा असेल, तर मात्र स्थिती अवघड आहे. अमेरिकेतील प्राध्यापकांच्या नेमणुकांचा एक विस्तृत अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. देशातच शिकलेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के हे केवळ पाचव्या हिश्शाएवढ्या विद्यापीठांतून आलेले असल्याचे त्यात आढळले. या थोड्या विद्यापीठांत दूरशिक्षण संस्था नाहीत. त्यामुळे कृष्णवर्णीय डॉक्टरेटधारकांची संख्या वाढली, तरी प्राध्यापकांत त्यांची संख्या त्या प्रमाणात वाढत नाही. मॅकलॉरिन खटल्यातील विचार येथे पुन्हा उपयोगी पडतो. मार्गदर्शकाबरोबर परिषदेस जाणे, त्याच्यासह शोधनिबंध लिहिणे, सहाध्यायांकडून नोकरीची वार्ता कळणे या गोष्टी पदवीपत्रावर लिहिलेल्या नसतात. पण नेमणूक बहुधा त्यांच्यावर ठरते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. नोव्हा आणि वॉल्डन ज्या फ्लोरिडात जन्मली, त्याच राज्यात १९८४ पासून मॅकनाइट अधिछात्रवृत्ती देण्यात येऊ लागली. दक्षिणेकडील राज्यांच्या प्रादेशिक शिक्षण मंडळाने १९९३ मध्ये अशीच योजना आखली. या योजनांत पैशाबरोबर मार्गदर्शन असते आणि निरनिराळ्या विद्यापीठांतील अधिछात्रांना दरवर्षी एकत्र आणले जाते. त्यांचा लाभ थोड्यांनाच होतो, परंतु एकटेपणा हेच गळतीचे एक मोठे कारण आहे हे त्यांनी ओळखले. दूरशिक्षणाला यापासून घेण्यासारखे बरेच आहे.

इतर देशांचा अनुभव

वगळलेल्यांसाठी दूरशिक्षण हा आसरा ठरल्याची उदाहरणे अन्यत्रही आहेत. दक्षिण आफ्रिकेत १९५९ च्या कायद्याने गोऱ्यांच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीयांना जवळजवळ मज्जाव झाला. पत्रद्वारा शिकविणारे दक्षिण आफ्रिका विद्यापीठ मात्र त्यांना खुले राहिले. तेथे कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, तरी त्यांचे स्थान अल्पसंख्याकांहूनही खालचे होते. नेल्सन मंडेला यांनी कारावासात असतानाच १९८९ मध्ये या विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविली.

भारताने वेगळा मार्ग स्वीकारला. येथे मुक्त विद्यापीठांचा मोठा विस्तार झाला. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी दूरशिक्षण पद्धतीने पीएच.डी. देण्यास मनाई केली आणि पुढील विनियमांतही ती कायम राहिली. अर्धवेळ संशोधनाला मात्र २०२२ च्या विनियमांत वाव आहे. दर्जा सांभाळण्याचा हेतू त्यामागे आहे. त्याचबरोबर ज्याला गाव किंवा नोकरी सोडता येत नाही, त्याच्यापुढील अडचण त्यामुळे शिल्लक राहते. आरक्षण जागा राखून ठेवू शकते. त्या जागेपर्यंत येण्याचा आणि तेथे टिकण्याचा खर्च निराळाच असतो.

अमेरिकेच्या अनुभवातून काही कसोट्या हाती लागतात. पदवी मिळालेल्यांच्या संख्येबरोबर प्रवेश घेतलेल्यांची संख्या प्रसिद्ध व्हावी. पदवीचा सरासरी कालावधी आणि एकूण खर्च प्रवेशापूर्वी सांगितला जावा. प्रत्येक विद्यार्थ्याला न बदलणारा मार्गदर्शक आणि सहाध्यायांचा गट मिळावा. प्रबंधाच्या टप्प्यावरील फीला मर्यादा असावी. या कसोट्यांना उतरणारे दूरशिक्षण विद्यापीठ अल्पसंख्याकांना खरोखरीच पुढे नेते, असे म्हणता येईल. त्यांना न उतरणाऱ्या विद्यापीठाचे नाव यादीत कितीही वर असले, तरी ज्यांनी मध्येच शिक्षण सोडले आणि जे अजून कर्ज फेडीत आहेत, त्यांची गणना त्या यादीत झालेली नाही, हे वाचकाने विसरू नये.